आधी आवाज ऐक

बाळ, गाडी आता तुझ्या नावावर झाली. बेळगावात वाढलेली केए-२२ची थंडरबर्ड निपाणीत नांदायला आली. चावी देताना मी काही बोललो नाही. घरात पाव्हणे होते आणि तुझं सगळं लक्ष टाकीच्या चकाकीकडे होतं. पण त्या टाकीखाली वीस वर्षांचं वायरिंग आहे. परवा तू फोनवर म्हणालास, "मामा, सेल्फच घेईना बघा, मोटर बदला म्हणून सांगायलेत," तेव्हाच ठरवलं की हे सगळं कागदावर उतरवून तुझ्या हातात द्यायचं. फोनवर ऐकलेलं भर पावसात आठवत नाही. मोटर बदलू नकोस. आधी मी सांगतो तेवढं कर.

चाळीस वर्षं मी ऑटो इलेक्ट्रिशियनचंच काम केलं. शिकलो बेळगावच्या कॅम्पात, ट्रकांचे डायनॅमो भरणाऱ्या एका उस्तादाकडे. ते मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच वाक्यात बोलायचे, पण कामाबद्दल त्यांचं बोलणं नेहमी तीन-चार शब्दांत संपायचं: आधी दिवा, मग पाना. टेस्ट लॅम्प लावून करंट कुठवर पोचलाय ते बघायचं आणि मगच काही उघडायचं. पहिली दोन वर्षं त्यांनी मला पाना धरू दिला नाही. नुसता दिवा धरून उभा करायचे. त्या दोन वर्षांवर मी पुढची अडतीस जेवलो.

आपल्या भागात बुलेट म्हणजे कीक, असंच होतं. मद्रासला १९५५ साली बुलेट बनू लागली, लष्कराने घेतली, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावात असल्यामुळे लष्करी बुलेट आम्ही लहानपणापासून पाहत आलो. डिकॉम्प्रेसरचा छोटा खटका दाबायचा, पिस्टन वरच्या टोकापलीकडे नेमका सरकवायचा, ॲमीटरचा काटा मधोमध आला की अंग टाकून एक कीक. ज्याला ते जमलं तो बुलेटवाला. बटण दाबलं की सुरू, हे आपल्याकडे पहिल्यांदा घराघरात नेलं १९८४च्या कायनेटिक होंडाने, आणि ती स्कूटर. बुलेटच्या घराण्यात सेल्फ रुळला तो २००० नंतर. २००२ सालची थंडरबर्ड त्यातलीच. म्हणजे तुझी गाडी दिसायला जुनी, पण तिच्या पोटात जुनं आणि नवं एकत्र नांदतंय, आणि तिचं वायरिंग दोन्ही समजून घेणाऱ्याच्याच हाताला येतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अमेरिकेतल्या 'इंडियन' कंपनीने १९१४ साली 'हेंडी स्पेशल' नावाची मोटरसायकल काढली होती, तिला बटणाचा स्टार्टर होता. मोटर चांगली होती, पण त्या काळच्या बॅटऱ्या टिकेनात, आणि ते मॉडेल लगेच मागे घ्यावं लागलं. पुढे १९७५ साली इंग्रजांच्या नॉर्टन कमांडोला सेल्फ आला, तोही अशक्त म्हणून गाजला, आणि मालकांनी जाड केबली घातल्या, अर्थिंग नीट केलं, तेव्हा त्यातल्या कितीतरी गाड्या सुधारल्या. शंभर वर्षांत अडचण जागची हललेली नाही. सेल्फ रुसला की लोक मोटरीकडे बोट दाखवतात, आणि दोष असतो मोटरीपर्यंत येणाऱ्या वाटेत.

आता आवाज. चावी फिरव, न्यूट्रल दिवा बघ, बटण दाब आणि कान लाव.

काहीच आवाज नाही, अगदी शांत, तर बारीक तारांची वाट तुटली आहे. एकच 'टक' आला आणि पुढे काही नाही, तर रिले लागतोय पण मोटरीला जाड करंट पोचत नाही, किंवा मोटर आतून अडकली आहे. 'टकटकटकटक' असा टायपिंगसारखा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे: रिले लागतो, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, परत लागतो. मोटर 'झूंऽऽ' करून मोकळीच फिरली आणि इंजिन हललं नाही, तर वायरिंगला हात लावू नकोस, तो मोटर आणि इंजिन जोडणाऱ्या स्प्रॅग क्लचचा मामला आहे. आणि बटण सोडलं तरी मोटर फिरतच राहिली, तर विचार करत उभा राहू नकोस, बॅटरीची वायर त्या क्षणी काढ. रिलेच्या आतले कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटलेत. अशा वेळी चावी बंद करून काही होत नाही, कारण चावी बारीक वाटेवर आहे आणि चिकटलेला भाग जाड वाटेवर.

या दोन वाटा डोक्यात बसल्या की सगळं सोपं. जाड वाट अशी: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जाड केबल रिलेच्या एका मोठ्या बोल्टला, रिलेच्या दुसऱ्या बोल्टपासून मोटरीला, मोटरीच्या अंगातून इंजिनाला, इंजिनावरून अर्थच्या केबलने किंवा चासीतून परत बॅटरीच्या निगेटिव्हला. बारीक वाट अशी: बॅटरी, फ्यूज, चावी, काही गाड्यांत किल स्विच, मग सेल्फचं बटण, काहींत क्लचच्या दांड्याखालचा स्विच, आणि शेवटी रिलेची कॉइल. बारीक वाट हुकूम देते, जाड वाट ओझं उचलते. कुठली वाट बिघडली, हे आवाजाने तुला आधीच सांगितलेलं असतं.

हातात काहीच हत्यार नसेल तर हेडलाइट हेच तुझं मीटर. दिवा लाव, भिंतीवर किंवा झाडावर उजेड पाड आणि बटण दाब. उजेड जरासा मंदावला आणि मोटर फिरली, तर ठीक. उजेड जसाच्या तसा राहिला आणि काही घडलं नाही, तर मोटरीकडे करंट निघालेलाच नाही, वाट कुठेतरी तुटली आहे. उजेड मेणबत्तीएवढा लाल झाला, तर बॅटरीत जीव नाही, किंवा मोटर अडकून करंट गिळते आहे. आणि उजेड एकदम गेला आणि टर्मिनल हलवल्यावर परत आला, तर पाना घे आणि टर्मिनल आवळ. हे सगळं दिवा बॅटरीवर चालत असेल तरच. इंजिन बंद असताना हेडलाइट लागत नसेल अशी गाडी असेल, तर इंडिकेटर किंवा हॉर्नवर हेच बघ.

आता अर्थ. यावर मी जरा थांबणार आहे, कारण जुन्या गाड्या नव्या करण्याचं वेड आपल्याकडे वाढलं आहे आणि त्यात सगळ्यात जास्त मार अर्थच खातो.

शहापुरातला एक तरुण वडिलांची गाडी हौसेने उभी करत होता. चासी पावडर कोटिंग करून आणली, काळीभोर, आरशासारखी. नवा रिले, नवी बॅटरी, आणि शेवटी कुणाच्या तरी सल्ल्याने नवी मोटरसुद्धा. बटण दाबलं की 'टक', पुढे शांत. गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली. मी मोटरीच्या अंगापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला एक जाड जंप केबल धरली आणि त्याला बटण दाब म्हटलं. मोटर फिरली. सगळा दोष त्या सुंदर रंगाचा होता. पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजलेलं प्लॅस्टिक, त्यातून वीज जात नाही. अर्थची केबल जिथे चासीला बोल्टाने बसते तिथे, आणि इंजिन जिथे चासीला बसतं तिथे, दोन्हीकडे रंगाचा थर होता. जुन्या चवलीएवढी जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन फासलं. पोरगा नव्या मोटरीच्या पावतीकडे बघत बसला. म्हणून सांगतो, गाडी रंगवायला देशील तेव्हा अर्थच्या जागा आधी टेपने झाकून दे. आणि माझा स्वतःचा आग्रह असा की चासीच्या भरवशावर राहूच नये. इंजिनाच्या बोल्टापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी जाड केबल ओढावी. तुझ्या गाडीला ती मी ओढलेली आहे, काळी, डाव्या बाजूने. ती कुणाला काढू देऊ नकोस.

जुन्या इंग्रजी गाडीवर कधी काम करायची वेळ आली तर अजून एक लक्षात ठेव. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह चासीला. सवयीने उलट जोडलंस तर रेक्टिफायर गेला. आधी बघ, मग जोड.

आता मीटरबद्दल. तुझ्याकडे मल्टीमीटर आहे, त्यावर तू 'पीं' वाजवून वायर चांगली असल्याचं मला सांगितलंस. तो 'पीं' फसवा आहे. जाड केबलच्या पन्नास तारांतली एक जरी शिल्लक असली तरी मीटर 'पीं' म्हणेल, कारण मीटर त्या वायरीतून नावापुरता करंट सोडतो. मोटर फिरताना शंभर ॲम्पियरच्या आसपास ओढते. गणित सोपं आहे: सांध्यात ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला, तरी शंभर ॲम्पियरला तो एक अख्खा व्होल्ट खातो. इतका लहान अडथळा तुझ्या मीटरच्या ओहमवर दिसणारच नाही. तो दिसतो फक्त काम चालू असताना, व्होल्टवर.

म्हणून असं कर. गाडी सुरू होऊ नये म्हणून प्लगची कॅप काढ, तिच्यात जादाचा एक प्लग घाल आणि तो इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून ठेव. कॅप मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नकोस, इग्निशन कॉइलला ते मानवत नाही. इंजिनातला प्लग जागेवरच राहू दे, म्हणजे मोटरीवर खरं ओझं येईल. आता मीटर डीसी व्होल्टवर ठेव. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या शिशाच्या खांबावर धर, केबलच्या टोकाच्या लगवर नको, प्रत्यक्ष खांबावर. काळं टोक मोटरीच्या बोल्टावर धर. बटण न दाबता मीटर बारा दाखवेल, त्याने गोंधळू नकोस, ते बरोबरच आहे. बटण दाब, आणि मोटर फिरत असताना आकडा वाच. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर पॉझिटिव्हची वाट निरोगी आहे. एक, दीड, दोन दाखवलं, तर तेवढे व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. मग चोर शोध: खांब ते लग, लग ते रिलेचा बोल्ट, रिलेच्या एका बोल्टापासून दुसऱ्या बोल्टापर्यंत, रिले ते मोटर. जिथे आकडा उडी मारतो, तिथे चोर. निगेटिव्हची बाजूही तशीच, मोटरीच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत. तिथे पाव व्होल्टच्या वर गेलं की मी अर्थ उघडून घासतो.

मीटर नसेल तेव्हा हात. एक व्होल्ट आणि शंभर ॲम्पियर म्हणजे शंभर वॉट, आणि ते सगळे उष्णता होऊन त्या एका सांध्यात निघतात. चार-पाचदा सेल्फ मारून झाला की बॅटरीची वायर काढून प्रत्येक सांध्याजवळ बोट हळूच ने. जो तापलाय तोच चोर. उस्तादांनी मला हे पहिल्या महिन्यात शिकवलं, आणि मीटर आल्यावरही मी आधी बोटानेच बघत आलो.

बारीक वाटेचं तंत्र वेगळं आहे. तिथे मीटरपेक्षा टेस्ट लॅम्प बरा. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी, एक मगरचिमटा आणि एक टोकदार सुई, एवढंच. मीटर कुजक्या वायरीतूनही बारा व्होल्ट दाखवतो. बल्बला खरा करंट लागतो, म्हणून कुजकी वायर असेल तर बल्ब मलूल जळतो आणि खोटं उघडं पडतं. चिमटा निगेटिव्हला लाव, सुई रिलेच्या बारीक वायरीला टेकव, बटण दाब. बल्ब लख्ख लागला आणि रिले गप्प, तर रिलेची कॉइल गेली किंवा कॉइलचा अर्थ गेला. काही रिलेंना अर्थ त्यांच्या पत्र्यातूनच मिळतो, आणि तो पत्रा गंजलेला असतो. बल्ब लागला नाही तर मागे सरक. एकेक सांधा तपासत बसू नकोस, सरळ वाटेच्या मध्यावर जा, म्हणजे बटणापाशी. तिथे आहे का? असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. परत त्यातलं अर्धं. चार टप्प्यांत सापडतं.

आणि हे सगळं करायच्या आधी किल स्विच बघ. दारात लावलेल्या गाडीवर शेजारची पोरं बसतात, लाल बटण त्यांना आवडतं. गाडी टेम्पोने माझ्याकडे आली आणि मी नुसतं ते बटण फिरवून परत पाठवली, असं कितीतरी वेळा झालं आहे. त्याचे पैसे मी कधी घेतले नाहीत.

तवंदी घाटातली गोष्ट तुझ्या आईला आठवत असेल. जुलै महिना, संध्याकाळ, संकेश्वरहून निपाणीकडे येत होतो. घाटात पाऊस असा की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा. कडेला थांबलो, रेनकोट नीट केला, बटण दाबलं तर शांत. हॉर्न खणखणीत, दिवा लख्ख, म्हणजे बॅटरी शाबूत. किल स्विच जागेवर. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि बटण दाबलं: शांत. पूर्ण उजवीकडे वळवून दाबलं: मोटर फिरली. तेवढ्यावर घर गाठलं. दुसऱ्या दिवशी हेडलाइटच्या मागची जुडी सोडवली. स्टिअरिंगच्या मानेपाशी सगळ्या तारा वाकतात, आणि वीस वर्षं वाकून वाकून एकीतलं तांबं आत तुटलेलं होतं. वरचं प्लॅस्टिक अखंड. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण दोन बोटांत धरून ओढल्यावर ती वायर रबरासारखी ताणली गेली. धड वायर ताणत नाही. म्हणून सेल्फ कधी घेतो, कधी घेत नाही अशी तक्रार असेल, तर पहिल्यांदा हँडल वळवून बघ आणि मग मानेपाशी जा. त्यानंतर स्विचची पेटी. आपल्या भागात जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडून गोव्याला जाणाऱ्यांच्या गाड्यांत आणि आंबोलीला फिरून आलेल्यांच्या गाड्यांत ती पेटी उघडली की आत हिरवं दिसतं. तांब्यावर चढलेला तो हिरवट गंज वीज अडवतो. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घास, कॉन्टॅक्ट क्लीनर मार, थोडं व्हॅसलीन लाव. उघडताना आतली स्प्रिंग उडते, खाली पांढरं फडकं अंथर.

निपाणीत तुला एक नवा त्रास होईल, तो बेळगावात कमी होता. तुझं घर गोदामाला लागून आहे, शेंगा आणि धान्य तिथेच, म्हणजे उंदीर आलेच. सीटखाली ऊब असते, ते तिथे बसतात आणि वायरीचं कव्हर कुरतडतात. सीटखाली तंबाखूची पुडी ठेवली की उंदीर येत नाहीत असं तिकडचे लोक सांगतील. तंबाखूच्या गावात ते सांगणारच. माझा त्यावर भरवसा नाही. आठवड्यातून एकदा सीट उघडून बघणं, हाच उपाय मला माहीत आहे. आणि कुरतडलेली वायर दिसली की नुसती टेप गुंडाळू नकोस.

टेपबद्दल माझं मत कडक आहे. दोन वायरी पिळून वर टेप, हे काम रस्त्यावर रात्री अकरा वाजता घरी पोचायला ठीक. दुसऱ्या दिवशी ते काढलंच पाहिजे. एप्रिलच्या उन्हात टेपचा गोंद वितळतो, पावसात पाणी आत शिरतं, आणि बुलेटचा थरथराट पीळ सोडवतो. सांधा लगने दाबून करावा, चांगल्या क्रिम्पिंग पकडीने, आणि वर स्लीव्ह गरम करून बसवावी. नुसतं डाग देऊन जोडलेली वायर मला गाडीत आवडत नाही. कथील जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि कंपनाने नेमकी तिथेच मोडते. केबल घेताना टोक खरवडून बघ. वरून तांब्याचा रंग आणि आत पांढरं ॲल्युमिनियम, असला माल बाजारात खूप आहे. सेल्फसाठी सोळा चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची घे, चार पैसे जास्त जाऊ देत. फ्यूज जेवढ्या ॲम्पियरचा होता तेवढाच घालायचा. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला फ्यूज मी जळालेल्या गाड्यांत पाहिला आहे, आणि जळालेली गाडी बघवत नाही.

मोटरीच्या बोल्टाची एक खास गोष्ट, जी कुणी सांगत नाही. केबल बसवायच्या वरच्या नटाखाली अजून एक नट असतो. वरचा नट सैल करताना किंवा आवळताना खालचा दुसऱ्या पान्याने धरून ठेव. धरला नाहीस तर अख्खा बोल्ट फिरतो, आतली इन्सुलेशनची चकती फुटते, आणि चांगली मोटर तुझ्या हातून शॉर्ट होते. एवढ्या एका चुकीपायी बदललेल्या मोटरी माझ्या दुकानात एका डब्यात पडलेल्या होत्या. मोटरीत खरोखर झिजतात ते कार्बन ब्रश. 'टक' येतो, वाट स्वच्छ आहे, मोटरीच्या पोटावर लाकडी दांड्याने हलकं ठोकलं की फिरते, तर ब्रश संपलेत. ब्रश बदल, कॉम्युटेटर पुसून घे, मोटर परत वर्षानुवर्षं चालते.

बॅटरीला खर्चाचं ओझं समजू नकोस. रात्रभर उभ्या बॅटरीचं व्होल्टेज सकाळी बघ: १२.६च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली गेली तर सेल्फ मारूच नकोस. सेल्फ चालू असताना ती १०च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू करून जरा रेस दिल्यावर टर्मिनलवर १३.८ ते १४.५ यायला हवेत. नाही आले तर दोष चार्जिंगकडे आहे, आणि नवी बॅटरीही महिन्याभरात बसेल. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलं की गरम पाण्यात खायचा सोडा घालून धू, कोरडं कर, व्हॅसलीन लाव. उतरलेल्या बॅटरीने सेल्फ मारण्याचं नुकसान सेल्फ न घेण्याएवढंच नसतं. मोटर हळू फिरते, पिस्टन वरच्या टोकापलीकडे जात नाही, ठिणगी आधी पडते आणि इंजिन उलटा झटका मारतं. तो झटका जातो स्प्रॅग क्लचवर. त्यातले छोटे पोलादी तुकडे एका दिशेला पकडायला आणि दुसऱ्या दिशेला सोडायला बनवलेले आहेत, उलट्या माराने ते निकामी होतात, आणि मग इंजिनाचं डावं कव्हर उघडावं लागतं. म्हणून पाच सेकंदांपेक्षा जास्त बटण धरायचं नाही, मध्ये पंधरा सेकंद दम द्यायचा, आणि तीन वेळांत सुरू झाली नाही तर कीक. तुझ्या गाडीला कीक आहे, ही चांगली गोष्ट आहे. थंडीच्या सकाळी पहिली सुरुवात कीकनेच करत जा.

काम करताना हातातली अंगठी काढून खिशात ठेव. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना चासीला लागला तरी ठिणगी पडत नाही. रिलेचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडून मोटर फिरवताना तू लोकांना पाहशील. मीही करत होतो. पण जुन्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल टपकतं, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि ती ठिणगी मोठी असते. करायचंच तर गाडी न्यूट्रलला, पेट्रोलचा कॉक बंद, बॅटरीपासून दूर, आणि जाड केबलने.

गाडीतल्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नकोस. वीस वर्षांत बेळगाव, खानापूर, पणजी, कोल्हापूर, जिथे ज्याला जी वायर मिळाली ती त्याने घातली आहे. लाल वायरीच्या जागी निळी आहे, निळीच्या जागी एके ठिकाणी घरच्या लाइटची पिवळी आहे. ती मी बदलायला हवी होती, राहून गेली, तू बदल. कुठली वायर कुठून कुठे जाते त्याचा एक कागद काढ. मराठीत लिही, कन्नडमध्ये लिही, पण लिही, आणि काही बदललंस की त्याच दिवशी त्यावर खूण कर. तुझ्यानंतर गाडी ज्याच्या हातात जाईल त्याने मोटर बदलू नये.

माझा कागद डाव्या बाजूच्या डब्यात टूल किटच्या खाली आहे, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. टेस्ट लॅम्पही त्याच्यासोबतच ठेवला आहे. त्याचा बल्ब मागच्या महिन्यात नवा घातला.